अकरा दिवसांनी शेपू

यळ्ळूरच्या बसमधून उतरणारी जनाक्का
तराजू वापरत नाही, मुठीनं मोजते.
"हत्तक्क एरडु," म्हणाली,
आणि सुट्टे परत देताना, "धर गे बाय, मोजून घे."
तिच्या तोंडात दोन्ही भाषा
विड्यासारख्या एकत्र चघळलेल्या,
पान कुठलं, चुना कुठला, कोण निवडत बसणार.

दोन जुड्या घेतल्या. पिशवीतूनच वास.
शेपूला लपता येत नाही.
मेथी गप्प बसते, चुका फोडणीपर्यंत तोंड उघडत नाही,
शेपू मात्र वडगावच्या चौकातच
सगळ्यांना सांगून मोकळा, आज हिच्या घरी काय.

घरी आले. पलीकडे निंगव्वाचा माग चालू,
खटखट खटखट.
नळाच्या पाळीवरून वाजलं त्याला अकरा दिवस झाले,
तेव्हापासून आमच्यात बोलतो तो फक्त मागच.
मधली भिंत एका विटेची,
वर, पत्र्याखाली, हातभर मोकळी.

निवडायला बसले.
जाड देठ बाजूला, कोवळे राहू द्यायचे.
हे आईनं शिकवलेलं नाही, तिला शेपू चालत नसे,
म्हणायची, दिवसभर ढेकरा येतात.
शिकवलं ते हिनंच, पलीकडचीनं,
मी या गल्लीत नवी आले तेव्हा:
"चिरायच्या आधी धू.
चिरून धुतलीस तर वास गटारीला जातोय
आणि तुला उरतोय नुसता पाला."
विळीखाली हिरव्या केसांचा ढीग साचला,
न्हाव्यानं झाडायचा राहिलेला.

मुगाची डाळ सकाळीच भिजत घातली होती, मूठभर.
नखानं तुटते का बघितली. तुटली.
लोखंडी कढई, तेल, जिरं,
दोन मिरच्या मोडून,
लसणाच्या आठ पाकळ्या सालासकट ठेचून,
जशा ती टाकते.

तेवढ्यात मोबाइल वाजला.
नणंद, चिकोडीहून, जावेचं गाऱ्हाणं घेऊन.
मी उंबऱ्यात उभी राहून हं हं करत राहिले,
चुलीकडं पाठ.

माग थांबला.
आधी तेच कळलं.
एवढं शांत झालं की
गल्लीच्या टोकाचा इस्त्रीवाल्याचा रेडिओ ऐकू आला.
मग पत्र्याखालून,
"बेळ्ळुळ्ळी करपूलालीय गे! काय करूलालीस?"

धावले. गॅस बारीक केला.
तीन पाकळ्या काळ्या, पाच वाचल्या.
काळ्या उचलून टाकल्या, बोट भाजलं.
काय बोलावं सुचेना
म्हणून भिंतीलाच मोठ्यानं सांगितलं,
"फोन होता."
"असंल की," भिंत म्हणाली.
"पाला टाक आता. झाकू नको. झाकलीस तर काळा पडतोय."

केवढा तो ढीग,
आणि बघता बघता वाटीभर.
त्यात डाळ. हळद नाही. मीठ शेवटी,
पाला आळतो, आधी घातलं तर खारट,
हेही तिचंच.
वर दाण्याचं कूट, चिमटीनं.
वाफ तोंडावर आली तेव्हा
नाकात बडीशेपेची कुणीतरी चुलत बहीण शिरली,
जरा रानटी, जरा मोठ्यानं बोलणारी.

मी म्हणते शेपू, ती म्हणते सब्बसगी.
माझी भाजी, तिचं पल्ल्या.
कढईला विचारलं तर म्हणेल,
हलवत राहा, खाली लागतंय.

नळाचा विषय निघाला नाही.
पाणी उद्या येणार, पहाटे चारला,
पहिली घागर कुणाची ते अजून ठरायचंय.
मी वाटीत भाजी काढली,
वर चतकोर भाकरी झाकली
आणि स्टुलावर चढून पत्र्याखालून सरकवली.
पलीकडून हात आला.
बांगडीत निळ्या सुताचा तुकडा अडकलेला.
वाटी गेली.

बराच वेळ काहीच नाही.
मग, "मीठ कमी."
मग माग सुरू झाला.